दुसरी फळी

24 सप्टेंबर 2022 रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर जिलाँगने सिडनी स्वॉन्सचा 81 गुणांनी फडशा पाडला. 133 विरुद्ध 52. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, म्हणजे एएफएलच्या इतिहासात तोवर एवढा वयस्क संघ कधी मैदानात उतरला नव्हता. कर्णधार जोएल सेलवुड 34 वर्षांचा, मुख्य आक्रमक टॉम हॉकिन्सही 34 चा, पॅट्रिक डेंजरफील्ड 32 चा. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे नॉर्म स्मिथ पदक आयझॅक स्मिथने पटकावले तेव्हा तो 33 वर्षांचा होता. एवढ्या वयात ते पदक त्याआधी कोणालाही मिळालेले नव्हते.

त्याच हंगामात देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थमध्ये, वेस्ट कोस्ट ईगल्सचे जहाज बुडत होते. 2018 चा हा विजेता संघ 22 पैकी फक्त 2 सामने जिंकून 18 संघांत सतराव्या क्रमांकावर आला. त्यांच्याकडेही अनुभवी, जुनेजाणते खेळाडू होते, आणि त्यांचे वय जिलाँगकरांच्या आसपासच होते. पंडितांनी वेस्ट कोस्टचे निदान ‘संघ म्हातारा झाला’ असे केले. मग जिलाँग काय झाले होते? वयाचे गणित दोन्हीकडे सारखेच होते, पण त्या वयस्कांच्या मागे कोण उभे होते, याचे उत्तर दोन्हीकडे अगदी निराळे होते. या प्रकरणात त्या मागच्या माणसांविषयी बोलायचे आहे.

आधी खेळाविषयी थोडेसे, कारण या खेळात शरीर किती झिजते हे कळल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. 1858 मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने हिवाळ्यात क्रिकेटपटूंची तंदुरुस्ती टिकावी म्हणून फुटबॉल क्लब काढण्याची सूचना केली, आणि पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये त्याचे नियम लिहिले गेले. त्यामुळे हा खेळ आजही क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानांवर खेळला जातो. मैदानाची लांबी दीडशे मीटरच्या पुढे-मागे. एका बाजूला 18 खेळाडू. 20 मिनिटांचे चार डाव असतात, पण खेळ थांबला की घड्याळही थांबते, म्हणून प्रत्येक डाव तीस मिनिटांच्या घरात जातो. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात 12 ते 15 किलोमीटर धावतो, आणि त्या धावण्यात वेगाने सुटणे, एकदम थांबणे, दुसऱ्याच्या खांद्यावरून उडी मारून चेंडू झेलणे आणि अंगावर येणारी धडक सोसणे हे सगळे असते. हेल्मेट नाही, अंगावर पॅड नाहीत.

पूर्वी थकलेला खेळाडू हवा तेव्हा बाकावर यायचा आणि दम घेऊन परत आत जायचा. 2014 मध्ये लीगने या अदलाबदलीवर सामन्यामागे 120 ची मर्यादा घातली, 2016 मध्ये ती 90 वर आणली आणि 2021 पासून 75 वर. त्यामुळे बाकावर विसावण्याची चैन कमी झाली आणि वयस्क पायांची परीक्षा कडक झाली.

वय वाढते तसे नेमके काय जाते? दम बराच काळ टिकतो. तिशीतला शिस्तीचा खेळाडू लांब पल्ल्याच्या धावण्यात विशीतल्या पोरांना मागे टाकू शकतो. आधी जातो तो पहिल्या चार पावलांतला झटका, कारण वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयाबरोबर आधी क्षीण होतात. त्यापाठोपाठ जाते सावरण्याची ताकद. शनिवारी लागलेला मार पंचविशीत मंगळवारपर्यंत विसरला जातो, तो तेहतिशीत पुढच्या शुक्रवारपर्यंत ठणकत राहतो. मांडीचा हॅमस्ट्रिंग हा या खेळात सर्वाधिक सामने बुडवणारा स्नायू आहे, आणि वय वाढते तसा पोटरीचा त्रासही वाढतो. एकदा फाटलेला स्नायू त्याच जागी पुन्हा फाटण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच चौतीस वर्षांचा माणूस चांगला खेळू शकतो का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो वर्षातले किती शनिवार खेळू शकतो, आणि उरलेल्या शनिवारी त्याच्या जागी कोण उभे राहते, यावर क्लबचे भवितव्य ठरते.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये या प्रश्नाला एक सोपे उत्तर आहे: पैसे मोजा आणि माणूस आणा. एएफएलमध्ये तो दरवाजाच बंद आहे. 1980 च्या दशकात लीगने दोन गोष्टी आणल्या. एक, खेळाडूंच्या एकूण मानधनावर प्रत्येक क्लबला सारखीच मर्यादा. दोन, ड्राफ्ट. देशभरातल्या अठरा वर्षांच्या मुलांना क्लबांनी पाळीपाळीने निवडायचे, आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्याला पहिली पाळी. यादीत चाळीस-बेचाळीस खेळाडू, सामन्याच्या दिवशी त्यातले तेवीस. उरलेले वीस जण कोण, किती तयार, किती कोवळे, यालाच तिकडे संघाची खोली म्हणतात. श्रीमंत क्लबालाही ती विकत घेता येत नाही. ती चार-पाच वर्षे आधी पेरावी लागते, आणि पेरताना त्यातले निम्मे उगवणार नाही हे धरूनच चालावे लागते.

निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा लगेच कामाचा नसतो. पुरुषांच्या धडका सोसण्याजोगे अंग भरायला त्याला तीन-चार उन्हाळे लागतात. सहा फूट सात इंचांच्या, उंच उडी घेऊन चेंडू उडवणाऱ्या रकमनला त्याहून जास्त. मधल्या काळात तो व्हिक्टोरियाच्या राज्य लीगमध्ये, व्हीएफएलमध्ये, किंवा पर्थ-अॅडलेडच्या तशाच लीगमध्ये क्लबच्या दुय्यम संघाकडून खेळतो. प्रेक्षक थोडे, बातमी नाहीच. हा दुय्यम संघ कसा चालतो यावरून मोठ्या संघाचे तीन वर्षांनंतरचे भविष्य वाचता येते, असे माझे ठाम मत आहे.

याचे सर्वांत देखणे उदाहरण रिचमंडने 2019 मध्ये घालून दिले. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्यांचा बचावातला आधारस्तंभ अॅलेक्स रान्स गुडघ्याचा एसीएल फाटून वर्षभरासाठी बाहेर गेला. पुढे कर्णधार ट्रेंट कॉचिन आणि आक्रमक जॅक रीवॉल्ट दोघेही दुखापतींमुळे बऱ्याच सामन्यांना मुकले. एखादा संघ यातच कोलमडला असता. रिचमंडने दुय्यम संघातून एकेक पोरगा वर काढला आणि गाडा चालू ठेवला. उपांत्य सामन्यात जॅक ग्रॅहमचा खांदा दुखावला, तेव्हा अंतिम सामन्यासाठी त्यांनी मार्लियन पिकेटला निवडले. सत्तावीस वर्षांचा हा खेळाडू त्याच वर्षी हंगामाच्या मध्यावरच्या ड्राफ्टमधून आला होता. तरुणपणी अडीच वर्षे तुरुंगात काढून तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये खेळत राहिला होता. आठवडाभर आधी रिचमंडचा दुय्यम संघ व्हीएफएलचा अंतिम सामना जिंकला, त्यात सर्वोत्तम खेळाडू पिकेटच ठरला. मोठ्या संघाकडून त्याचा पहिलाच सामना अंतिम सामना झाला. 1952 नंतर असे कोणाच्याही वाट्याला आले नव्हते. त्याने गोल केला आणि रिचमंड 89 गुणांनी जिंकले. एकाच क्लबने एकाच वर्षी दोन्ही विजेतेपदे घेतली, ती काही योगायोगाने नव्हे.

आता जिलाँग. मेलबर्नपासून तासाभराच्या अंतरावरचे हे बंदराचे शहर. 2011 मध्ये प्रशिक्षक ख्रिस स्कॉट आले आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळाले. नंतरची दहा वर्षे संघ जवळजवळ दरवर्षी बाद फेरीत पोचत राहिला आणि शेवटच्या पायरीवर घसरत राहिला. 2013, 2016, 2017, 2019, 2021 या पाच वर्षी उपांत्य सामन्यात हार, 2020 मध्ये अंतिम सामन्यात रिचमंडकडून हार. 2021 च्या उपांत्य सामन्यात मेलबर्नने 83 गुणांनी धुतले, तेव्हा सगळीकडून एकच सल्ला आला: म्हाताऱ्यांना निरोप द्या, तळाला जा, ड्राफ्टमधून नव्याने उभे राहा. क्लबने तो ऐकला नाही.

हट्ट आणि शहाणपण यांत फरक असतो, आणि जिलाँगकडे शहाणपण होते असे मला वाटते. कारण तळाला जात नाही म्हणून वरच्या निवडी मिळत नाहीत, तर माणसे दुसरीकडे शोधायची, हे त्यांनी फार आधी ठरवले होते. टॉम स्टुअर्टला त्यांनी 2016 मध्ये घेतले तेव्हा तो 23 वर्षांचा होता आणि गावातल्याच साउथ बारवन या स्थानिक क्लबात वाढला होता. पुढे तो लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक झाला. टॉम अॅटकिन्स त्यांच्याच व्हीएफएल संघातून वर आला. मार्क ब्लिकाव्स हा स्टीपलचेसचा धावपटू, त्याला त्यांनी या खेळात आणले. झॅक टूही आणि मार्क ओकॉनर आयर्लंडचे, गेलिक फुटबॉल खेळत वाढलेले. टायसन स्टेंगलला अॅडलेडने सोडून दिले होते, त्याला जिलाँगने 2022 साठी घेतले आणि त्याच वर्षी तो हंगामाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. यातला कोणीही ड्राफ्टमधला पहिल्या पाचांतला मोहरा नव्हता. म्हाताऱ्यांच्या मागे अशी दणकट माणसे होती, आणि त्यांच्याही मागे एकवीस वर्षांचा सॅम डी कोनिंग आणि वीस वर्षांचा मॅक्स होम्स.

ही फळी होती म्हणूनच म्हाताऱ्यांना विश्रांती देणे परवडले. एएफएलमध्ये गुरुवारी संघ जाहीर होतो आणि बाहेर बसलेल्याच्या नावापुढे कारण लिहिले जाते. 2022 मध्ये जिलाँगच्या यादीत ‘मॅनेज्ड’ हा शेरा नियमाने दिसायचा, म्हणजे दुखापत नाही, जपून ठेवले आहे. सेलवुडला काही सामने बाहेर बसवले. डेंजरफील्डची पोटरी कुरकुरत होती, तर त्याला हंगामाच्या मध्यावर काही आठवडे खेळातून काढून फक्त अंग पुन्हा बांधायला लावले. ज्याच्या नावावर ब्राउनलो हे लीगचे सर्वोच्च वैयक्तिक पदक आहे त्याला ‘तू आता खेळू नकोस’ म्हणायला प्रशिक्षकाला छाती लागते, आणि जागेवर येणारा विश्वासाचा लागतो. संघ लागोपाठ 16 सामने जिंकत विजेतेपदापर्यंत गेला, तो सप्टेंबरात सगळ्यात ताजा दिसत होता. अंतिम सामन्याआधी होम्सचा हॅमस्ट्रिंग दगा देऊन गेला. त्याच्या जागी ओकॉनर आला, आणि काही बिघडले नाही.

वेस्ट कोस्टची गोष्ट मला जास्त चटका लावते, कारण त्यांनी केलेले प्रत्येक पाऊल त्या-त्या वेळी शहाणपणाचेच वाटावे असे होते. 2018 मध्ये कॉलिंगवुडला 5 गुणांनी हरवून ते विजेते झाले. संघ उत्तम, अजून दोन-तीन वर्षे टिकेल असा. मग 2019 च्या अखेरीस त्यांनी जिलाँगकडून पंचवीस वर्षांचा टिम केली घेतला आणि त्याच्या मोबदल्यात पहिल्या फेरीच्या निवडींसह ड्राफ्टमधला मोठा वाटा दिला. केली चांगलाच खेळाडू होता. पण त्या निवडींतून जे अठरा वर्षांचे यायचे ते आले नाहीत. 2020 मध्ये महामारीने राज्य लीग विस्कळीत झाल्या. व्हीएफएलचा हंगाम रद्द झाला, पर्थमध्येही एएफएलच्या यादीतल्या मुलांना राज्य लीगमध्ये खेळता आले नाही. नव्या मुलांचे शिकण्याचे एक अख्खे वर्ष गेले. वर्षे सरत गेली, जुने खेळाडू नावाजलेले होते म्हणून खेळत राहिले, आणि बावीस ते सत्तावीस या वयात जिथे गर्दी असायला हवी होती तिथे मोकळी जागा राहिली.

2022 च्या सुरुवातीला कोविड आणि दुखापतींनी एकाच वेळी घेरले, तेव्हा ती मोकळी जागा सगळ्यांना दिसली. मैदानावर माणसे भरायला क्लबला यादीबाहेरचे राखीव खेळाडू बोलवावे लागले. त्या ऑगस्टमध्ये त्यांचा ज्येष्ठ खेळाडू जॉश केनेडी घरच्या मैदानावर शेवटचा सामना खेळला. चौतीस वर्षांच्या त्या माणसाने एकट्याने 8 गोल मारले, आणि संघ तरीही अॅडलेडकडून हरला. म्हाताऱ्यांमुळे संघ बुडाला असे म्हणणाऱ्यांनी हा सामना पाहावा. पुढच्या वर्षी तळ आणखी खोल गेला: सिडनीकडून 171 गुणांनी हार, गुणफलक 205 विरुद्ध 34, हंगामात 3 विजय आणि शेवटचा क्रमांक. 2025 मध्ये तर एकच विजय. एवढ्या वर्षांत ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी मिळाल्या, 2023 मध्ये पहिल्या क्रमांकाने हार्ली रीड आला. पण अठरा वर्षांच्या मुलाला हात धरून शिकवायला पंचवीस वर्षांचा भाऊ लागतो, आणि तोच त्या ड्रेसिंग रूममध्ये नव्हता.

म्हाताऱ्यांना घाईने निरोप देणे हा उलट्या बाजूचा अपघात. 2016 मध्ये नॉर्थ मेलबर्नने पहिले नऊ सामने जिंकले, मग घसरगुंडी झाली. ऑगस्टमध्ये क्लबने चार ज्येष्ठांना एकदम सांगितले की पुढचा करार नाही. त्यांत 38 वर्षांचा ब्रेंट हार्वी होता, 432 सामन्यांचा तेव्हाचा विक्रमवीर, आणि त्याला अजून खेळायचे होते. तरुणांना जागा हवी, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण जागा रिकामी केली की ती भरतेच असे नाही. 2020 ते 2025 या काळात नॉर्थ तळाच्या दोन-तीन क्रमांकांतून वर सरकले नाही.

2016 च्याच अखेरीस हॉथॉर्नने सॅम मिचेलला वेस्ट कोस्टला आणि जॉर्डन लुईसला मेलबर्नला पाठवले. 2013 ते 2015 सलग तीन विजेतेपदे मिळवणाऱ्या संघाचे हे दोन कणे. मिचेल तर 2016 मध्येच क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. हॉथॉर्नने त्याच वेळी ड्राफ्टच्या निवडी देऊन टॉम मिचेल आणि जेगर ओमेरा हे मधल्या वयाचे खेळाडू आणले. टॉम मिचेलने 2018 चे ब्राउनलो पदकही जिंकले. पण संघ वरच्या पायरीपर्यंत गेला नाही, आणि काही वर्षांनी खालून येणारे कोणीच नाही अशी वेळ आली. 2021 च्या अखेरीस सॅम मिचेल हॉथॉर्नचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याने अनुभवी खेळाडू सोडले आणि पोरांच्या हाती संघ दिला. हरणे सोसले. 2024 चे पहिले पाच सामने हरूनही तो संघ बाद फेरीत पोचला, आणि 2025 मध्ये उपांत्य सामन्यात. मिचेलच्या काळात गेलेला एक जण, जॅक गन्स्टन, ब्रिस्बेनहून परत आला आणि 33 व्या वर्षी हंगामाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. तरुणांची फळी तयार झाल्यावर त्यांच्यात एक-दोन जाणते मिसळणे, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. म्हाताऱ्यांना धरून ठेवत, तरुण कधीतरी येतील म्हणून वाट पाहणे हा त्याच्या उलटा क्रम, आणि बहुतेक क्लब तोच पत्करतात, कारण ओळखीचे नाव वगळणे अवघड असते.

रिचमंडलाही ते सुटले नाही. 2017, 2019, 2020 अशी तीन विजेतेपदे मिळाल्यावर त्यांनी 2022 अखेरीस वरच्या निवडी देऊन टिम टॅरांटो आणि जेकब हॉपर घेतले, जुन्या संघाला अजून एक जोर मिळावा म्हणून. 2023 मध्ये कॉचिन आणि रीवॉल्ट निवृत्त झाले, 2024 मध्ये डस्टिन मार्टिन. त्या वर्षी रिचमंड 2 विजयांसह तळाला होते. त्याच्या पाच वर्षे आधी दोन्ही संघ विजेते करणारा हाच क्लब.

जिलाँगचेही सगळे सुरळीत गेले नाही. विजेतेपदानंतर सेलवुड निवृत्त झाला आणि 2023 मध्ये संघ बाद फेरीलाही पोचला नाही. म्हातारपण शेवटी आलेच, असे पुन्हा लिहून आले. 2024 च्या मध्यावर हॉकिन्सच्या पावलाला दुखापत झाली. 359 सामने, क्लबचा विक्रम, आणि तेवढ्यावरच त्याची कारकीर्द थांबली. त्याच्या जागी शॅनन नील आला. 2020 च्या ड्राफ्टमधला हा उंच मुलगा, अधूनमधून एखादा मोठा सामना सोडला तर, व्हीएफएलमध्येच घडत होता. त्याच वर्षी ऑली डेम्पसी या मुलाने लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळवला. तो ड्राफ्टमध्ये कोणी न उचललेल्यांमधून, रूकी यादीतून आला होता. संघ 2024 मध्ये उपांत्य सामन्यापर्यंत गेला आणि 2025 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत, जिथे ब्रिस्बेनने त्यांना 47 गुणांनी हरवले. त्या दिवशी कर्णधार डेंजरफील्ड 35 वर्षांचा होता, आणि आक्रमणात, हॉकिन्सच्या जुन्या जागी, नील उभा होता.